पोचले, जेवले, झोपले

ट्रेकिंगच्या ऑफिसात काम करते म्हटलं की लोक आधी माझ्या पायांकडे बघतात, मग पोटाकडे आणि मग विषय बदलतात. त्यांचं काही चुकत नाही. बारा वर्षं मी लोकांना हिमालयात पाठवते आहे आणि स्वतःच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना मधल्या खिडकीपाशी थांबून बाहेरचं झाड न्याहाळते. कोणी भेटलंच तर हिला दम लागलाय असं वाटू नये म्हणून.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत मालक. एके काळचे गिर्यारोहक; दोन्ही गुडघे डोंगरात ठेवून आले आणि आता खुर्चीत बसून हवामानाचे अंदाज बघत चुकचुकतात. बाहेरच्या खोलीत मी, माझं टेबल, वायरचा जुना फोन, फॉर्मांचं कपाट आणि भिंतीवर वाटेचा तक्ता. आम्ही एकच ट्रेक नेतो. सात दिवसांचा, वाटाड्यासकट, एका मोठ्या शिखराच्या बेस कॅम्पपर्यंत. शिखरावर नाही. पायथ्याशी जायचं, मान वर करून बघायचं, फोटो काढायचा आणि परत फिरायचं. मुक्काम चार: पूल, माळ, दगड आणि बेस कॅम्प. ही नावं आमच्या वाटाड्याने पाडलेली. वाटाड्याचं नाव आम्ही पाडलं, सावकाश. दर दहा पावलांना तो तेवढाच एक शब्द बोलतो. तो पुढे चालतो आणि त्याचा भाऊ सगळ्यांत मागे.

ही वाट मला पाठ आहे. पुलाची तिसरी फळी हलते. माळावर एकच दुकान आहे आणि त्याच्या ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहिलं की मोबाइल लागतो, एक पाऊल डावीकडे सरकलं की गेला. दगडांच्या मुक्कामावर दुपारी दोननंतर वारा सुटतो. हे सगळं मी ऐकून ऐकून गोळा केलंय आणि इतक्या ठसक्यात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई परवाच जाऊन आल्या.

माझं खरं काम संध्याकाळी सहाला सुरू होतं. सावकाश वरून सॅटेलाइट फोन करतो, एकेकाची तब्येत सांगतो, मी वहीत उतरवून घेते आणि मग घरोघरी खुशालीचे फोन करते. ह्या फोनची रीत मी बसवलेली आहे. ‘काळजी करू नका’ हे शब्द चुकूनही तोंडातून काढायचे नाहीत, कारण ते ऐकेपर्यंत समोरचा माणूस मजेत असतो. आधी सांगायचं, पोचले. मग, जेवले. मग, झोपायला गेले. हा क्रम बदलायचा नाही. ऊन कसं होतं, डोंगर किती सुंदर दिसले, ह्यात घरच्यांना काडीचा रस नसतो. ह्या तीन शब्दांवर मात्र मोठमोठे साहेबलोक मऊ पडलेले मी ऐकलेत.

फोन झाला की वहीत त्या नावापुढे बरोबरची खूण. सगळ्या खुणा झाल्या की दिवा बंद करते, कुलूप लावते आणि घरी जाते. मी पोचले हे कोणाला कळवायचं नसतं. आई होती तोवर किल्लीचा आवाज ऐकूनच आतून विचारायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. भाऊ परदेशात आहे. वर्षातून दोनदा फोन करतो आणि दोन्ही वेळा तिकडच्या थंडीबद्दल सांगतो. एकटं वाटतं का, असं कोणी विचारलं तर मी फटकन ‘छे’ म्हणते. वाटतं. रोज वाटतं, साधारण साडेसात ते नऊ.

लिफ्टवाले आले ते एका मंगळवारी दुपारी. वय सत्तावन्न, हात काळवंडलेले, खिशात टेस्टर. आल्या आल्या नमस्कार नाही, चौकशी नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर झटका देते, ब्रेकचं काम आहे, कोणाला तरी सांगा, एवढं बोलून मग खुर्चीवर बसले. चौतीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करत होते आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. मी नेहमीप्रमाणे आधीच सांगून टाकलं की आम्ही शिखरावर नेत नाही, नंतर कटकट नको. त्यावर ते म्हणाले की पायथाच हवाय. प्रत्येक लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो, त्यात उतरून वर बघितलं की सगळी इमारत एका उंच अंधाऱ्या नळीसारखी दिसते. आयुष्यभर तसं बघितलं. आता एकदा उघड्यावर, उजेडात, खूप उंच काहीतरी खालून बघायचंय.

बारा वर्षांत लोकांनी मला डोंगरात जायची नाना कारणं सांगितली आहेत. बहुतेकांना स्वतःचा शोध घ्यायचा असतो. हे कारण मला बरं वाटलं.

बाकीची माणसं एका फोनवर ठरवून मोकळी होतात. लिफ्टवाले पाच वेळा आले. वही घेऊन तक्त्यासमोर बसायचे आणि रोजची चढण उतरवून घ्यायचे. पुलावरून माळ आठशे मीटर, म्हणजे दोनशे सहासष्ट मजले, असा त्यांचा हिशेब. लिफ्टशिवाय, असं मी म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. माळावर एक दिवस मुद्दाम का थांबायचं, तर शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून, हे त्यांना लगेच पटलं. यंत्रालाही थांबे लागतात म्हणाले. बूट दाखवायला आणले, तेही काखेत मारून. मी त्यांना म्हटलं की बूट दाखवायचे नसतात, घालून फिरायचे असतात, फोड यायचे ते इथेच येऊन जाऊ देत.

सरावाला ते जिने चढू लागले. पाठीवर अकरा किलोची हत्यारांची पिशवी घेऊन, ज्या इमारतीत काम असेल तिथलेच जिने. ह्याने भलताच घोळ झाला. लिफ्टवाला जिन्याने चाललाय हे बघून रहिवासी घाबरले, लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार होईनात. एका सोसायटीने तर लेखी खुलासा मागितला. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मला हसू आवरेना, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी ऑफिसात मोठ्याने हसून बरेच महिने झाले होते.

चौथ्या वेळी त्यांनी विचारलं की मी स्वतः किती वेळा गेले आहे. ह्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर आहे, ‘मोजलं नाही.’ त्या दिवशी कोण जाणे का, खरं सांगितलं. एकदाही नाही. गुडघे बरे होते तेव्हा आई अंथरुणावर होती आणि आई गेली तेव्हा गुडघ्यांनी हात टेकले. त्यांनी तक्त्याकडे बघितलं. मग स्वतःच्या कामातलं सांगू लागले. लिफ्ट अडकली की आतला माणूस बटण दाबतो, फोन ह्यांना येतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे असते, दार थोडं उघडतं, वरचा मजला दोन फुटांवर दिसतो. माणसाला वाटतं, एवढंसं तर आहे, चढून जाऊ. अपघात होतात ते तिथेच. ते फोनवर एकच सांगतात: दाराला हात लावू नका, आहात तिथे बसून राहा, मी येतोय. आणि पोचेपर्यंत फोन ठेवत नाहीत. काहीबाही बोलत राहतात. तीन-तीन तास अनोळखी माणसांशी बोललोय म्हणाले. बाहेर आल्यावर कोणी ओळख दाखवत नाही, ते ठीकच आहे.

फॉर्म ते घरी घेऊन गेले आणि शुक्रवारी देऊन लगबगीने कामावर पळाले. संध्याकाळी मी तो तपासायला घेतला. अक्षर छापल्यासारखं. डॉक्टरांचा दाखला जोडलेला, रक्तगट लिहिलेला. ‘आणीबाणीत संपर्क’ ह्या रकान्यात एक नंबर होता. तो मला फार ओळखीचा वाटला. असणारच. तो माझ्या टेबलावरच्या फोनचा होता.

माझं डोकं सणकलं. लोक फॉर्म न वाचता भरतात, वरचा नंबर खाली उतरवतात आणि निस्तरायचं आम्ही. शनिवारी सकाळी मी त्यांना फोन लावून चांगलीच झाडायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की चूक नाही, विचार करूनच लिहिलंय. प्रत्येक लिफ्टमध्ये तसंच असतं. अडकलेल्या माणसाने बटण दाबलं तर फोन त्याच्या घरी जाऊन काय उपयोग? ज्याची लिफ्ट त्यालाच गेला पाहिजे. ट्रेक तुमचा, म्हणून नंबर तुमचा.

चौतीस वर्षं एकच काम केलेला माणूसच अशी चूक करू शकतो, आणि त्यात खोट काढणं अवघड होतं. मी त्यांना आमचा नियम समजावला. तो मालकांनी घालून दिलेला आहे. फार वर्षांपूर्वी एक गृहस्थ बरं नसताना वाटाड्याचं न ऐकता वर गेले आणि स्ट्रेचरवरून खाली आले. तेव्हापासून तब्येत बिघडलेला माणूस उतरायला तयार नसेल तर सावकाश वाद घालत नाही. तो ऑफिसात फोन करतो, आम्ही घरी लावतो आणि घरचा माणूस त्याच्याशी बोलतो. वाटाड्याला न जुमानणारी माणसं घरच्या एका वाक्यावर गपगुमान उतरतात. तेव्हा हा रकाना संपर्कासाठी नाही. ज्याचं तुम्ही ऐकता, त्याचा नंबर तिथे हवा.

मग त्यांनी सांगितलं की घटस्फोट होऊन वीस वर्षं झाली, मुलं नाहीत, भाऊ होता तो गेला. मी म्हटलं, शेजारी? शेजारी बदलत असतात म्हणाले. मी म्हटलं, कामावरचे साहेब? तर म्हणाले, त्यांचं मी आजवर कधी ऐकलेलं नाही, आता उंचावर जाऊन काय ऐकणार.

“मग राहू द्या मॅडम,” ते म्हणाले. “नियम आहे तर आहे. तुमचा वेळ घेतला.”

इतक्या सहज म्हणाले की मला राग आला. पाच चकरा, अकरा किलोची पिशवी, बुटांचे फोड, सोसायटीचा लेखी खुलासा, आणि एका रकान्यासाठी हा माणूस ‘राहू द्या’ म्हणतो. ते असं म्हणायला किती सरावलेले असतील हे मला कळलं, कारण मीही तशीच म्हणते. त्याच स्वरात. मी त्यांना सोमवारी बूट घालून या एवढंच सांगितलं आणि फोन आपटला.

मग पेन घेतलं, ऑफिसचा नंबर खोडला आणि माझ्या मोबाइलचा लिहिला. पुढचा रकाना होता ‘नातं’. तिथे पेन बराच वेळ अडलं. शेवटी लिहिलं, परिचित. मालकांना एकही नंबर पाठ नसतो, त्यामुळे ती भीती नव्हती. पण सही करताना त्यांची नजर नेमकी त्या शब्दावर गेली.

“परिचित?” ते म्हणाले. “परिचिताचं कोण ऐकतं, ताई?”

ऐकतील, असं मी म्हटलं आणि दुसरा फॉर्म पुढे सरकवला.

सोमवारी मी लिफ्टवाल्यांना स्पष्ट सांगितलं: नंबर माझा टाकलाय, तेव्हा तिथे शहाणपणा करायचा नाही. ते ‘बरं’ म्हणाले. पुढे काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं असं वाटलं, पण माझा फोन वाजला आणि ते जाता जाता लिफ्टचं दार दोनदा उघडझाप करून बघून निघून गेले.

गट आठ जणांचा होता. एक नवविवाहित जोडपं, बँकेतले तीन मित्र, एक दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची मुलगी, आणि हे. पहिल्या संध्याकाळी सावकाशचा फोन आला. सगळे पुलावर पोचले होते. मी सहा घरी फोन केले. सहा घरं कारण जोडप्याच्या दोन्ही आयांना वेगवेगळा फोन लागतो, एकीने दुसरीला कळवलेलं चालत नाही. वहीत शेवटचं नाव लिफ्टवाल्यांचं. त्यापुढची जागा कोरीच राहिली. मला वहीत कोरी जागा बघवत नाही. तरी कुलूप लावून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी माळ. लिफ्टवाल्यांचा ऑक्सिजन नव्वद, जेवण व्यवस्थित, पुलाची तिसरी फळी खरंच हलते असा निरोप. हा निरोप कोणासाठी आहे, असं सावकाशने विचारलं. ऑफिससाठी, मी म्हटलं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या नावापुढे खूण केली आणि लगेच खोडली. फोन न करता खूण करणं म्हणजे फसवणूक, आणि इतक्या वर्षांत मी ती केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी विश्रांती होती. संध्याकाळी सहा घरं उरकली आणि मग मी एक वेडेपणा केला. टेबलावरच्या फोनवरून त्यांचा घरचा नंबर लावला. पर्समध्ये माझा मोबाइल वाजायला लागला. मी रिसीव्हर कानाला लावून तो आवाज दोन्हीकडून ऐकत बसले. ऑफिसनंतर माझा मोबाइल कधी वाजत नाही. वाजलाच तर क्रेडिट कार्ड हवं का म्हणून. आतून मालक ओरडले की ताई, तुमचा फोन वाजतोय. राँग नंबर आहे, मी म्हटलं, आणि रिसीव्हर ठेवला. वहीत मात्र खूण केली. घरी जाऊन भात कुकरला लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरले.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला वायरचा फोन वाजला. सावकाश दुपारी कधी फोन करत नाही. मी मालकांना हाक मारली आणि ते गुडघे धरत बाहेर आले. दगडांच्या मुक्कामावर सगळे पोचले होते. लिफ्टवाल्यांचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती, ऑक्सिजन एकाहत्तर. तिथे पंच्याऐंशीच्या आसपास हवा. उजेड आहे तोवर माळावर उतरलं पाहिजे, दोन तासांची उतरण आहे, सावकाशचा भाऊ सोबत जाईल. पण ते तंबूत बसून आहेत, उठत नाहीत. बेस कॅम्प उद्या सकाळी दोन तासांवर, झोपलो की बरं वाटेल, एवढंच म्हणतात. सावकाशचा आवाज नेहमीपेक्षा भराभर येत होता आणि त्यानेच मला खरी धडकी भरली.

“घरी लावा,” मालक म्हणाले. त्यांनीच कपाटातून फॉर्म काढला, डोळ्यांजवळ धरला आणि स्वतःच्या मोबाइलवरून नंबर फिरवला. अशा वेळी आम्ही दोन फोन उलटसुलट जोडून धरतो, ह्याचं तोंड त्याच्या कानाला, म्हणजे घरचा आवाज वर पोचतो. त्यांनी एका हाताने वायरचा रिसीव्हर तयार धरला होता.

माझी पर्स वाजली.

“ताई, तो बंद करा आधी,” ते वैतागून म्हणाले. मग त्यांनी पर्सकडे बघितलं, हातातल्या मोबाइलकडे बघितलं आणि माझ्याकडे. मी खाली मान घातली. नोकरी जाणार असं मला वाटलं, आणि त्याचं त्या क्षणी काही वाटलं नाही. त्यांनी मोबाइल बंद केला. पर्स गप्प झाली.

“बोला मग,” असं म्हणून त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

वर फोन लिफ्टवाल्यांच्या कानाला लावलेला होता. वारा ऐकू येत होता. दोननंतरचा वारा, मला माहीत असलेला. मी कोण बोलतेय ते सांगितलं.

“घरी लावतो म्हणाले होते,” त्यांचा आवाज जड होता.

“घरचा नंबर माझाच आहे. विसरलात?”

मी माझ्याकडचं सगळ्यांत हुशार वाक्य काढलं. त्यांनीच दिलेलं. म्हटलं, लिफ्ट अडकली आहे, वरचा मजला दोन फुटांवर दिसतोय, आणि तुम्ही दाराला हात लावताय. हे ऐकून ते उठतील अशी माझी खात्री होती.

“ही लिफ्ट नाही, मॅडम,” ते म्हणाले. “मला इथून शिखराचं टोक दिसतंय. उद्या सगळं दिसेल. मी खाली उतरलो तर परत कोण येणार? आणि कोणाचं काय अडलंय? मी उतरलो काय नि न उतरलो काय.”

मालक माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. बायको असती तर तिने शपथ घातली असती, मुलगी असती तर रडली असती. माझ्या रकान्यात ‘परिचित’ लिहिलेलं होतं. मग जे होतं तेच बोलले. आवाज कापत होता आणि मालकांसमोर त्याची लाज वाटायचंही सुचलं नाही.

“मी तुमची कोणी नाही. माझं ऐकायला तुम्ही बांधलेले नाही. पण तुम्हाला काही झालं तर सावकाश इथे फोन करणार, मालक तुमचा फॉर्म काढणार, आणि तो नंबर माझ्या पर्समध्ये वाजणार. मग मी कोणाला सांगू? बाकी सगळ्यांच्या बाबतीत मला पुढे सांगायला कोणीतरी असतं. तुमच्या बाबतीत पुढे कोणी नाही. ते मला एकटीला ऐकावं लागेल, आणि घरी नेऊन ठेवावं लागेल. घरीही कोणी नाही.”

वारा. नुसता वारा. फोन कट झाला असं समजून मी ‘हॅलो’ म्हणणार होते.

“तुम्ही रडताय का?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

मग फोनची खुडबूड झाली आणि सावकाश आला. काय करतायत, मी विचारलं. “बूट घालतायत,” तो म्हणाला. “टोकाकडे पाठ करून बसलेत आणि बूट घालतायत.”

मालक आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले, माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि फॉर्म कपाटात परत लावला. त्या रकान्याबद्दल त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

सहाला मी सहा घरी फोन केले. पोचले, जेवले, झोपायला गेले. उद्या बेस कॅम्प. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने विचारलं की माझा आवाज बसलाय का. लिफ्टवाल्यांची बातमी अजून नव्हती. ते आणि सावकाशचा भाऊ वाटेत होते आणि सॅटेलाइट फोन वर राहिला होता. दोन तासांची उतरण आजारी माणसाला तीन तास घेते, चारही घेते, हे मला पाठ होतं. वही मी मिटली नाही. उघडीच ठेवून आले.

घरी आले, कपडे बदलले, भाजी चिरायला घेतली आणि अर्धी चिरून ठेवून दिली. इतक्या वर्षांत मी असं किती घरांना ताटकळत ठेवलं असेल, सहाचा फोन साडेसहाला करून. तेव्हा वाटायचं, अर्ध्या तासाने काय बिघडतं. आता मी मोबाइल ओट्यावर ठेवला, मग टेबलावर, मग पुन्हा ओट्यावर. वाईट बातमी आली तर ती बसून घ्यावी की उभ्याने, असला विचार करत स्वयंपाकघरात उभी राहिले.

साडेसातला फोन वाजला. अनोळखी नंबर. खरखर होती, मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

“पोचलो,” लिफ्टवाले म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले. ते दुकानाच्या ओट्यावर, उजव्या कोपऱ्यात उभे होते.

“जेवलो. थोडं. पोटात राहिलं. ऑक्सिजन सत्त्याऐंशी. आता झोपायला जातो.”

क्रम बरोबर होता. त्यांना तो मीच कधीतरी तक्त्यासमोर बसून ऐटीत सांगितला असणार. बारा वर्षांत हे तीन शब्द मी हजारो वेळा बोलले होते. माझ्याशी ते आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि समोरचे लोक ह्यावर गप्प का होतात ते मला आत्ता कळलं.

“टोक तेवढं दिसलं,” ते म्हणाले. “पायथा राहिला.”

“हं,” मी म्हटलं.

“तुम्ही जेवलात?”

मी ओट्यावरच्या अर्ध्या चिरलेल्या भाजीकडे बघितलं. अजून नाही, असं सांगितलं.

“मग जेवून घ्या,” ते म्हणाले. “तोवर मी फोन ठेवत नाही.”